ज्याच्या नावाला मशीन बोललं

चैत्र संपत आला की जळगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मेहरूणच्या तलावाचं पाणी आत आत सरकतं, काठची माती तडकते, आणि आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दिवे लागल्यावरही हात लावून ठेवता येत नाही. यंदा अशाच एका दुपारी किरणचा फोन आला. किरण म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर माझ्या जागेवर आलेली इतिहासाची प्राध्यापिका. मुलगी हुशार आहे, उत्साही आहे, आणि उत्साही माणसं दुसऱ्याला दुपारी झोपू देत नाहीत.

"मॅडम, कार्यशाळा घेतोय. मुलं मोबाइल घेऊन गावोगाव जाणार, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपणार, नकाशावर टाकणार. उद्घाटनाला तुम्हीच हव्या. आपल्याकडे कॉम्प्युटरवर इतिहास पहिल्यांदा तुम्ही केला ना?"

"मी कुठला गं? चौधरी सरांनी केला. मी फक्त आरडाओरडा केला."

ती हसली आणि म्हणाली, "आखाजीच्या आधी उरकू या मॅडम. नंतर मुलं गावाला पळतात." फोन ठेवला, पडदा ओढला, पंखा वाढवला, पण झोप काही आली नाही. आखाजी हा शब्द माझ्या कानावर असा सहज पडून चालत नाही. नव्वदीच्या मध्यावरचा तो एक उन्हाळा लगेच उठून बसतो.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया एवढं सांगून भागत नाही. ते सोनं घ्यायचा मुहूर्त वगैरे म्हणतात. आमच्याकडे घराबाहेरची आखाजी सासुरवाशिणींची असते. त्या माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणत उन्हात उंच जातात, आणि पुरुष दिवसाढवळ्या पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. पण घरातली आखाजी मेलेल्यांची असते. सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर खरबूज, ज्याला आम्ही डांगर म्हणतो, आंबा, सांजोरी ठेवायची. वर्षाचा पहिला आंबा त्यांचा, त्यांच्याआधी आपण खायचा नाही. मग घरातल्या कर्त्या माणसाने उंबरठ्यापाशी बसायचं, बोट कुंकवात बुडवायचं, आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट ओढायचं. आजा, पणजा, खापरपणजा. भर वैशाखात वरून चालत आलेली ती माणसं तहानलेली असतात, म्हणून पाणी. लहानपणी मला हे ऐकून भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर अजूनही त्या दिवशी मी उंबरठा ओलांडताना पाय जरा उंच उचलते.

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली नवी होती. विज्ञान शाखेसाठी आलेली. काचेचं दार, खाली गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, आणि अख्ख्या कॉलेजात दुसरीकडे कुठेही नसलेली वातानुकूलनाची पेटी, प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा कूलरच होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आत प्रत्येक मशीनवर फुलाफुलांच्या कापडाचं झबलं. आम्हा कला शाखेच्या लोकांना त्या खोलीत मज्जाव होता, देवळात असावा तसा. पण विज्ञानाची प्रात्यक्षिकं संपली, खोली ओस पडली, आणि गणिताचे चौधरी सर, जे त्या खोलीचे पुजारी होते, त्यांना करमेना. मी त्यांच्यापुढे माझी कल्पना मांडली. वाटलं होतं, हसतील. ते म्हणाले, "मॅडम, मशीन नुसतं झाकून ठेवलं की बिघडतं. आणा तुमची मेलेली माणसं."

कल्पना साधी होती. राजेरजवाड्यांची वंशावळ पुस्तकात असते. आमच्या मुलांची वंशावळ उंबरठ्यावर असते, वर्षातून एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना पुसली जाते. तर मुलांनी आधीच घरी जाऊन विचारून यायचं: आखाजीला कोणाकोणाची नावं घेता? तो माणूस काय करायचा, कुठे गेला, कशाने गेला, कोणत्या साली? हे सगळं मशीनमध्ये भरायचं आणि मग पाहायचं, गावाचा इतिहास काय सांगतो. डझनभर मुलं-मुली तयार झाली. इतिहासाच्या प्रेमाने किती आणि थंड हवेच्या प्रेमाने किती, ते मी कधी विचारलं नाही.

मशीनला मराठी येत नव्हतं. नावं इंग्रजी अक्षरांत टंकायची. त्याहून मोठी अडचण सालाची. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात. छप्पनच्या दुष्काळात गेला. मानमोडीच्या साथीत गेली. मळ्यातल्या विहिरीला पाणी लागलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. लाल बैल घेतला त्या पोळ्याला. मुलं हे सगळं कौतुकाने लिहून आणायची आणि चौधरी सर कपाळावर हात मारायचे. "बैलाचं साल काय? आकडा द्या मला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" मग आम्ही बसून हिशेब जुळवायचो. बैल घेतला तेव्हा मोठ्या काकाचं लग्न झालं होतं का? काकाची मुलगी आता केवढी आहे? साधारण एक आकडा निघायचा. मी मुलांना सांगायचे, हाच इतिहासाचा धंदा आहे, बैलावरून माणूस शोधायचा. सर म्हणायचे, पण शेवटी रकान्यात आकडा पाहिजे. त्यांनी तसा नियमच घालून ठेवला होता. मृत्यूचं साल भरल्याशिवाय मशीन नोंद घ्यायचंच नाही. रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ पाहिलं की एक कर्कश शिट्टी वाजायची आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, नोंद अपुरी आहे म्हणून.

त्या खोलीत नावं साठत गेली तशी मुलं हळूहळू गप्प झाली. बाहेर पांढरं ऊन, आत पडदे ओढलेले, थंडी, आणि मशीनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळीने मेलेली माणसं. चोपड्याकडची एक मुलगी एके दिवशी उदबत्ती घेऊन आली. "इतक्या जणांची नावं रोज घेतो मॅडम, काहीतरी करायला पाहिजे." चौधरी सर भडकले, धुराने मशीन खराब होईल म्हणाले, आणि मग स्वतःच उदबत्ती घेऊन बाहेर गेले आणि चपलांच्या ढिगाशेजारच्या कुंडीत खोचून आले. आम्ही कोणी हसलो नाही. वीज तर रोजच जायची. गेली की पडदा काळा, आणि साठवून न ठेवलेली नावं गेलेली. पुन्हा पहिल्यापासून टंकायला बसताना एक मुलगा नेहमी हळूच "माफ करा" म्हणायचा. कोणाला म्हणायचा, ते आम्हाला कळत होतं.

एकदा सरांनी गंमत दाखवतो म्हणून एक कळ दाबली आणि सगळी नावं कारणांप्रमाणे लावली. इतके दिवस आपापल्या घराबरोबर बसलेली माणसं उठली आणि भलत्याच माणसांशेजारी जाऊन बसली. मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या त्या जुन्या साथीत, गेलेले सगळे एका जागी आले. असोद्याची बाळंतीण, पारोळ्याकडचा तेली, धुळ्याच्या बाजूचे दोघे भाऊ, एकमेकांना जन्मात न पाहिलेले. त्याखाली पटकीने गेलेले. त्याखाली साप चावून गेलेले, ते तर किती निघाले. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर टाकत राहिला आणि मुलं त्या लांबलचक कागदावर वाकून आपापलं माणूस कोणात जाऊन बसलंय ते शोधत राहिली. मी पुष्कळ वर्षं साथीचे रोग शिकवले होते, पण मला स्वतःला ते त्या दुपारी कळले. माझ्या अंगावर काटा आला आणि मी थंडीचं निमित्त सांगितलं.

त्या वेळच्या फ्लॉप्या अजून माझ्याकडे आहेत, जेवणाच्या जुन्या डब्यात. बुरशीचे ठिपके पडलेत. त्या वाचणारं यंत्र आता गावात कोणाकडे नाही. किरण म्हणते, पुण्याला पाठवू, निघेल काहीतरी. निघेलही. मी मात्र तो डबा कपाटात खाली ठेवत नाही, वरच्या फळीवर ठेवते. त्या चकत्यांत एवढी माणसं आहेत म्हटल्यावर त्यांना पायाशी कसं ठेवायचं?

या मुलांत मंगला होती. धुळ्याच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून आत, बोरी नदीच्या काठचं तिचं गाव. त्याचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथे आहेत. मंगला वसतिगृहात राहायची, तोंडाने फटकळ, हाताने चलाख, मशीनवर सगळ्यांत आधी तिची बोटं बसली. तिच्या घरची नावं तिने भराभर भरली आणि आजोबांपाशी येऊन थांबली.

आजोबांचं नाव झुलाल. मंगलाचे वडील सुपडूभाऊ पाळण्यात असताना हा माणूस गिरणीत कामाला म्हणून सुरतेला गेला. पहिली काही वर्षं निरोप येत होते, मग थांबले. मग नुसत्या वार्ता. कोणी नवापूरच्या स्टेशनवर पाहिला म्हणे, दाढी वाढलेली. कोणी शिरपूरच्या बाजारात पाहिला, हाक मारली तर गर्दीत शिरला. कोणी नाशिकला साधूंच्या पंगतीत पाहिला. सुपडूभाऊ मोठे झाले, त्यांचं लग्न झालं, आणि मंगलानंतरची दोन मुलं पाळण्यातच गेली. गावातल्या भगताने सांगितलं, या घरचं कोणीतरी तहानलेलं आहे. घागर भरा.

पण झुलालच्या नावाची घागर कशी भरायची? मंगलाची आजी कौतिकबाई, जिला गाव आक्का म्हणायचं, ती आडवी पडली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि हातात बांगड्या होत्या. मेला असेल तर तो इतकी वर्षं पाण्यावाचून आहे, हे तिला कळत होतं. जिवंत असेल तर आपण जित्या माणसाच्या नावाने कुंकवाचं बोट ओढणार, म्हणजे आपल्या हाताने त्याला मारणार, हेही कळत होतं. दोन्हीकडे पाप. दर आखाजीला सुपडूभाऊ उंबरठ्यावर बसायचे, आज्या-पणज्याची नावं घ्यायचे, मग मान वर करून आईकडे पाहायचे. ती मान हलवायची, नाही. ते हात पुसून उठायचे. मंगलाने हे मला सांगितलं तेव्हा मी त्या बाईला पाहिलंही नव्हतं, पण दर वर्षी एकदा, सगळ्या घरासमोर तिला हे ठरवावं लागत होतं, या विचाराने माझा जीव गलबलला.

त्या साली होळीच्या सुमाराला मंगलाचा धाकटा भाऊ तापाने फणफणला. बरा झाला पोरगा, पण आजी हबकली. ती म्हणाली, भर त्यांची घागर यंदा. एवढं तरी माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. सुपडूभाऊंनी आखाजीच्या आधीच नवी घागर आणून ठेवली.

आणि इकडे मंगला आजोबांच्या रकान्यापाशी. साल कोणतं टाकणार? बैल नाही, विहीर नाही, साथ नाही, खूणच नाही. तिने नाव भरलं, गाव भरलं, साल सोडलं आणि कळ दाबली. मशीन किंचाळलं. पुन्हा दाबली, पुन्हा किंचाळलं. सगळे वळून पाहायला लागले. मंगला हसून म्हणाली, "घ्या! आमच्या आजोबाला मशीनपण घेत नाही." रविवारी घरी गेली आणि जेवताना तिने हीच गंमत सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजीने हातातला घास ताटात ठेवला. "काय म्हननं मशीन?" आणि त्या रात्रीच घरात सांगून टाकलं, घागर भरायची नाही.

सुपडूभाऊ दोन दिवसांनी कॉलेजात आले. काचेच्या दाराबाहेर चपला काढून, टोपी हातात घेऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर थंडीने बिचकले. उंच माणूस, उन्हाने काळवंडलेला, आवाज मात्र अगदी हळू.

"मॅडम, तुमनं मशीन मना बापले मरेल मानत नही म्हने."

मी समजावलं. मशीन काही मानत नाही, भाऊ. साल लिहिलं नाही म्हणून ओरडलं.

"मंग त्याले सांगा ना, लिखी ले. कागद काढी द्या. मायले दखाडसू."

चौधरी सर लगेच म्हणाले, "त्यात काय, टाकू कोणतंही साल. घेईल मशीन." त्यांचा हात कळफलकावर गेलासुद्धा. मी म्हटलं, थांबा सर. एरवी आम्ही बैलावरून साल काढत होतो, विहिरीवरून काढत होतो, तेही काही फार पक्कं नव्हतं. पण तिथे मरण तरी खरं होतं. इथे मी कोणता आकडा घालू? आणि तो छापील कागद पाहून ती बाई कपाळ पुसणार. सुपडूभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचंही चुकत नव्हतं. आयुष्यभर ज्याला पाहिलं नाही त्या बापाला निदान पाणी तरी द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

ते बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा मी मुलांना विचारलं, साल माहीत नाही म्हणून आणखी कोणी नावं गाळलीत का? मग उदबत्तीवाली मुलगी म्हणाली, माझी आत्या, बाजाराला गेली ती आली नाही. "माफ करा" म्हणणारा मुलगा म्हणाला, आमचे मोठे चुलते, रेल्वेत बसले होते. मग आणखी एक, मग आणखी एक. निम्म्याहून जास्त घरांत असं एकेक माणूस निघालं. ना मेलेल्यांत, ना जित्यांत. आम्ही इतके दिवस गावाचा इतिहास भरत होतो आणि ही सगळी माणसं त्या थंड खोलीच्या दाराबाहेर उभी होती. चौधरी सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि तो नियम काढून टाकला. मंगलाने पुन्हा झुलाल लिहिलं, साल सोडलं, कळ दाबली. मशीन गप्प राहिलं. ती शांतता मला त्या शिट्टीपेक्षा भयंकर वाटली.

सुपडूभाऊ म्हणाले, तुम्हीच येऊन मायला सांगा. म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी चौधरी सर आणि मी एसटीने गेलो. खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता. दोन्ही बाजूंना कापसाची काढलेली शेतं, नुसती काळी, फुफाट्याने भरलेली. गावात शिरताना निंबाला झोके बांधणं चालू होतं, पोरी खिदळत होत्या. मंगला आम्हाला घ्यायला आली होती, पण तिचं तोंड उतरलेलं होतं. त्या पोरीला आठवडाभर झोप नसावी.

आक्का ओट्यावर बसल्या होत्या. लहानशी, सुकलेली बाई, कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू. माझा हात धरून शेजारी बसवलं.

"ये माय, बस. उनमा उनी तू. पानी पी."

मी पाणी प्याले आणि जे सांगायचं ते सांगितलं. मशीनला माणसाचं काही कळत नाही. ती पेटी आहे. आता साल न घालताही त्यांचं नाव घेतलंय तिने, शिट्टी वाजली नाही. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या जवळ सरकून, एखादी आतली गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या,

"पन तवय तर बोलनं ना? बाकीना नावले मशीन बोलनं नही. त्यास्ना नावले बोलनं."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी दुसऱ्याच्या हातातून ओढून घ्यायची पाळी आपल्यावर आली की ती म्हण तोंडात येत नाही. मी चौधरी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"आक्का, रकाना रिकामा राहिला की ते ओरडतं. कोणाचंही नाव असो. माझ्या वडिलांचं नाव घालून मी पाहिलं. साल नाही घातलं. तरी ओरडलं."

आक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमना वडील शेतस?"

"नाहीत. मीच अग्नी दिला त्यांना."

सरांनी हे केव्हा करून पाहिलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर पोरींच्या झोक्याची दोरी फांदीवर करकरत होती. आक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि मंगलाला हाक मारून म्हणाल्या, सरांना जेवायला वाढ.

किरणच्या कार्यशाळेला मी जाऊन आले. आता त्या खोलीत चपला काढत नाहीत. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर माणसाचं नाव विचारलं जातं आणि त्याखाली तीन पर्याय येतात: हयात, मृत, माहीत नाही. मुलं तिसऱ्यावर बोट टेकवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जातात. चांगली सोय आहे, मी किरणला तसं म्हटलंही. तो पर्याय कोणीतरी शहाण्या माणसाने आधीच विचार करून ठेवलेला आहे. भाषणात मी मुलांना एवढंच सांगितलं की त्या तिसऱ्यावर बोट टेकवण्याआधी जरा थांबा, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. टाळ्या वाजल्या. त्यांना काय समजलं, देव जाणे. मला मात्र तिथल्या थंडीत बसवेना, मी चहाला न थांबता निघाले, आणि रिक्षात बसल्यावर उगाचच रडू आलं.

कारण त्या वर्षीची आखाजीची सकाळ मी आक्कांच्या घरी मुक्काम करून पाहिली आहे.

ऊन चढायच्या आत घर सारवून झालं होतं. कोनाड्यापाशी दर वर्षीसारखी पूर्वजांची नवी लाल घागर भरून ठेवली होती, वर डांगर, आंबा. चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास घातला होता, त्याचा वास घरभर. सुपडूभाऊ आंघोळ करून उघड्या अंगाने उंबरठ्यापाशी बसले. समोर कुंकवाची वाटी. घरातली सगळी मागे उभी, आम्ही दोघं भिंतीला टेकून. आक्का चुलीजवळून उठून आल्या आणि मुलाच्या शेजारी उभ्या राहिल्या. सुपडूभाऊंनी पणज्याचं नाव घेतलं, बोट ओढलं. आज्याचं नाव घेतलं, बोट ओढलं. आणि मग दर वर्षीसारखं कुंकवात बुडवलेलं बोट तसंच धरून त्यांनी मान वर केली.

आक्कांनी मान हलवली नाही. होकाराची नाही, नकाराची नाही. त्यांनी घागरीतून तांब्याभर पाणी काढलं, उंबरठा ओलांडला, ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. गल्ली रिकामी होती, नदीकडे उतरणारा रस्ता रिकामा होता. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. शेतातून यायची वेळ झाली की बाई दारातून हाक मारते, तशी मोकळ्या आवाजात हाक मारली.

"ओ सुपडूना बाप! पानी पेवाले या!"

हाक रस्त्याने खाली गेली. आक्का तांब्या धरून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे रस्त्याकडे बघत होतो. चौधरी सर बघत होते, मंगला बघत होती, आणि आयुष्यभर इतिहास शिकवलेली मी, तीही डोळ्यांत प्राण आणून बघत होते. हाक मारल्यावर माणसाने ओ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्याहून थोडा जास्त गेला.

मग त्यांनी तांब्या उंबरठ्याच्या बाहेर खाली ठेवला आणि मागे न वळता म्हणाल्या,

"आते वढ, सुपडू."